पहिलं छोटं इंजिन: कागदावरच्या रेघेपासून हवेवर फिरेपर्यंत

कोल्हापुरात इंजिन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गुऱ्हाळावर चरक फिरवणारं ऑइल इंजिन, उद्यमनगरातले लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या हे सगळं इथल्या माणसाच्या रोजच्या पाहण्यातलं. मात्र उद्यमनगरात आयुष्य काढलेल्या पक्क्या टर्नरनंही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरचा एखादाच जॉब केलेला असतो, तोही हजारांच्या संख्येत. ड्रॉइंग आपलं, पार्ट आपले, जोडणी आपली आणि शेवटी ते फिरतंय, हे सुख निराळं आहे. ते ज्यांना पहिल्यांदा घ्यायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. लेथवर फेसिंग, टर्निंग आणि ड्रिलिंग येतं, व्हर्निअर वाचता येतो, एवढी तयारी असली की पुरे.

पहिलं इंजिन पेट्रोलचं नको. त्यात व्हॉल्व्ह, रिंगा, स्पार्क, कार्ब्युरेटर अशा चार गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात आणि इंजिन चालू झालं नाही तर दोष नेमका कुठं आहे हे नवख्याला सापडत नाही. सुरुवात डोलत्या सिलिंडरच्या इंजिनानं करा. यात सिलिंडर एका पिव्होटवर डावी-उजवीकडे डोलतो. डोलताना त्याच्या अंगावरचं भोक, म्हणजे पोर्ट, फ्रेमवरच्या दोन भोकांपुढून सरकतं, एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. वेगळा व्हॉल्व्ह नाही, गजन पिनही नाही, कारण पिस्टन आणि रॉड एकजीव असतात आणि लागणारा कोन सिलिंडरच देतो. हलणारे पार्ट जेमतेम तीन. पण बोअर, पिस्टन, क्रँक, पोर्ट टायमिंग असं इंजिनातलं सगळं मूळ शिक्षण यात मिळतं.

हे इंजिन वाफेवरही चालतं, पण आपण ते दाबाच्या हवेवर चालवणार आहोत. घरगुती बॉयलर नवख्यानं करायची वस्तू नाही, यावर मला तडजोड मान्य नाही. हवेलाही मान द्या. रेग्युलेटरशिवाय जोडणी नको, प्रेशर दीड बारच्या वर नको आणि हवेचा फवारा अंगावर कधीही मारायचा नाही.

आधी कागद

नवखा माणूस घाईनं पितळेचा तुकडा चकात धरतो आणि मापं नंतर ठरवतो. इथं एक संध्याकाळ कागदावर खर्च केली तर पुढचे कितीतरी तास वाचतात. शिवाय सगळीकडे शून्य-शून्य माप लागतं ही भीतीही कागदच घालवतो. या इंजिनात जीव ठेवावा अशा जागा मोजक्याच आहेत. बाकी ठिकाणी अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी इंजिनाला पत्ता लागत नाही.

मी सुचवतो ती मापं अशी: बोअर (सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास) १० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १६ मिमी, म्हणजे क्रँकपिन शाफ्टच्या मध्यापासून ८ मिमीवर. पिव्होट क्रँकशाफ्टच्या बरोबर वर ४० मिमीवर. सिलिंडरमधलं पोर्टचं भोक पिव्होटच्या वर १४ मिमीवर.

आता ही मापं अशीच का, ते पाहू. इंजिनाचं सगळं मर्म इथं आहे. क्रँकपिन फिरताना सिलिंडर जास्तीत जास्त किती कलतो? पिव्होटपासून क्रँकपिनच्या वर्तुळाला स्पर्शरेषा काढा. काटकोन त्रिकोण मिळतो, त्याचा कर्ण ४० आणि समोरची बाजू ८, म्हणजे पाचास एक. पिव्होटच्या वर १४ मिमीवर असलेलं पोर्ट याच प्रमाणात बाजूला सरकणार: १४ भागिले ५, म्हणजे २.८ मिमी. फ्रेमवरची दोन भोकं मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २.८ मिमीवर हवीत, एकमेकांपासून ५.६ मिमीवर.

भोकाचा व्यास किती? पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असतो तेव्हा सिलिंडर उभा असतो आणि त्याचं पोर्ट दोन भोकांच्या बरोबर मध्ये येतं. त्या क्षणी त्यानं दोन्हींपैकी कुणालाही शिवता कामा नये, नाहीतर आलेली हवा थेट बाहेर. तिन्ही भोकं एकाच व्यासाची धरली तर व्यास २.८ पेक्षा कमी हवा. आपण २.५ घेतो, दोन्हीकडे ०.३ मिमी बंद पट्टा उरतो. हा हिशेब समजला की मापं तुमच्या मनानं बदला. स्ट्रोक वाढवा, पिव्होट लांब न्या, भागाकार तोच.

यात एक बारकावा आहे. पोर्ट कमानीत फिरतं, सरळ रेषेत नाही. म्हणून फ्रेमवरची भोकं पिव्होटच्या वर १४ मिमीच्या आडव्या रेषेवर येत नाहीत. ती १३.७२ मिमीवर, म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडी जास्तच खाली येतात. अडीच मिलिमीटरच्या भोकाला एवढा फरक जाणवतो. त्यावरचा सोपा उपाय पुढे देतो.

उंचीचा हिशेब क्रँकशाफ्टच्या मध्यापासून मोजा. पिव्होट ४० वर, पोर्ट ५४ वर. पिस्टन वर असताना त्याचं डोकं पोर्टच्या खालच्या काठाखाली, म्हणजे ५२ वर थांबू द्या. तेव्हा क्रँकपिन ८ वर असते, म्हणून पिस्टनच्या डोक्यापासून रॉडच्या भोकाच्या मध्यापर्यंत लांबी ४४ मिमी. पिस्टन खाली गेला की डोकं ३६ वर. पिस्टनची लांबी १२ धरली तर त्याचं बूड २४ पर्यंत उतरतं. सिलिंडरचा ठोकळा २६ पासून ५८ पर्यंत ठेवा, लांबी ३२. पिस्टन खाली दोन मिलिमीटर डोकावतो, ते चालतं. वरून २ मिमी आत जाणारं टोपण बसवलं की पोर्टचं तोंड पूर्ण मोकळं राहतं.

पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस मिमी आहे. एक बार प्रेशरला त्यावर जेमतेम पाऊण किलोच्या वर जोर येतो. म्हणजे थोडंसं घर्षणही या इंजिनाला थांबवू शकतं. दाब वाढवून चूक झाकता येत नाही, म्हणून हे इंजिन शिकायला चांगलं.

सामान कुठून आणायचं

सिलिंडरला २० मिमी चौकोनी पितळ. फ्रेमला ४०×८ ची एमएस (माइल्ड स्टील) पट्टी, १०० मिमी लांब. क्रँकशाफ्टला ६ मिमीची सिल्व्हर स्टील किंवा ब्राइट बार. क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशला गनमेटल. हे सगळं उद्यमनगरातल्या दुकानांत तुकड्यानं मिळतं. भंगारातून घेतलंत तर पितळ आहे की दुसरंच काही, हे कानस मारून आणि चुंबक लावून बघा.

फ्रेमची पट्टी घेतल्यावर ती सरफेस ग्राइंडिंगला देऊन एक बाजू सपाट करून घ्या. हे काम घरी कानशीनं करण्यात अर्थ नाही आणि या गावात ते करून देणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. त्याच बाजूवर सिलिंडर घासत डोलणार आहे.

फ्लायव्हीलला बीड (ओतीव लोखंड) उत्तम. ६० मिमी व्यास आणि १२ मिमी जाडीचं चाक पाव किलोच्या आसपास भरतं, एवढं वजन या इंजिनाला बरोबर लागतं. बिडाचा गोल तुकडा मिळाला तर काम झालं. स्वतःचा लाकडी पॅटर्न करून कास्टिंग ओतून घ्यायची हौस असेल तर बीड साधारण एक टक्का आकसतं हे धरून पॅटर्न मोठा करा, मशीनिंगला सगळीकडे दोन-तीन मिमी ठेवा आणि बाजूंना थोडा उतार द्या, म्हणजे तो वाळूतून सुखानं निघेल. अशा कास्टिंगवर पहिला कट नेहमी खोल घ्या. वरची वाळूची कातडी कडक असते, तिच्यावर टूल नुसतं घासलं तर धार लगेच जाते.

लेथ स्वतःचा नसेल तर अडून बसू नका. बोअर, पिस्टन, बुश, क्रँकची चकती आणि फ्लायव्हील एवढ्यालाच लेथ लागतो. छोट्या वर्कशॉपच्या मालकांकडे नीट काढलेलं ड्रॉइंग घेऊन गेलात आणि कामाची गर्दी नसलेली वेळ विचारलीत, तर सहसा नाही म्हणत नाहीत. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला होता. छोट्या यंत्राच्या वेडाला इथं समजून घेणारी माणसं तेव्हाही होती, आजही आहेत.

सिलिंडर

ठोकळा चार जबड्यांच्या चकात धरा आणि डायल गेज लावून मध्य काढा. इथं बहुतेक जण फक्त चकाच्या तोंडाशी डायल लावतात. तेवढ्यावर थांबू नका. सॅडल पुढं-मागं नेऊन ठोकळ्याच्या लांबीवर डायल फिरवा, शेजारच्या दोन्ही बाजूंवर. सुई हलली नाही तरच बोअर त्या बाजूंना समांतर होईल. जीव ठेवायची ही पहिली जागा. बोअर तिरका झाला की सिलिंडर फ्रेमवर सपाट बसलेला असताना पिस्टन क्रँकपिनकडे वाकडा पाहतो आणि इंजिन एका जागी अडकतं.

पितळेत ड्रिल ओढलं जातं. त्यासाठी ड्रिलच्या दोन्ही धारांवर ऑइलस्टोन हलकेच फिरवून पुढचा तीक्ष्णपणा मारा. आधी सेंटर ड्रिल, मग ६, ९ आणि ९.८, शेवटी भोक नेमक्या मापाला आणणारा १० मिमीचा एच-७ रीमर, कमी वेगात, न थांबता आत आणि चक सुलट्याच दिशेनं फिरत असताना बाहेर. वेगाचा साधा हिशेब लक्षात ठेवा: मीटरमधल्या कटिंग स्पीडला ३२० नं गुणा आणि मिमीमधल्या व्यासानं भागा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला पितळेसाठी ६०, एमएससाठी २५, बिडासाठी २० धरा. ६० मिमीचं बिडाचं फ्लायव्हील म्हणजे फक्त १०६ आरपीएम. नवखे लोक बीड फार जोरात फिरवतात.

आता घासणाऱ्या बाजूवर, खालून १४ मिमीवर पिव्होटचं भोक. तिथं भिंत फक्त ५ मिमी जाड आहे. ३.३ च्या ड्रिलनं टोकासकट साडेचारपेक्षा खोल जाऊ नका, मग बॉटमिंग टॅपनं एम-४ चे आटे पाडा. टॅप ड्रिल मशिनच्या चकात धरून हातानं फिरवा, म्हणजे आटे काटकोनात पडतील. पोर्टचं भोक अजून पाडू नका.

पिस्टन आणि क्रँक

पिस्टन बिडाचा किंवा एमएसचा करा. व्यास ९.९८, म्हणजे बोअरमध्ये दोन शतांशांच्या आसपास मोकळीक. माप मायक्रोमीटरनं घ्या, व्हर्निअर इथं पुरत नाही. शेवटचे एक-दोन शतांश ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर तेल लावून उतरवा, पण पेपर पट्टीला गुंडाळून. बोटांवर धरून फिरत्या जॉबला लावायचा नाही. हातमोजे, लांब बाह्या आणि गळ्यातला रुमाल लेथपासून दूर ठेवा. चष्मा मात्र कायम डोळ्यांवर.

पिस्टनवर पाव-पाव मिलिमीटर खोल दोन-तीन खाचा काढा. त्यांत तेल थांबतं आणि हवा अडते. रिंग लागत नाही. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून पिस्टन बोअरमध्ये घासायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पेस्टचे कण पितळेत रुततात आणि पुढं कायम पिस्टन खात राहतात. घट्ट वाटला तर पातळ तेल आणि हातानं फिरवणं, एवढाच उपाय.

रॉड ४ मिमी ब्राइट बारचा, एका टोकाला पिस्टनमध्ये आट्यांनी बसवलेला, दुसऱ्या टोकाला पितळेचा छोटा ठोकळा, तोही आट्यांवर. फायदा असा की ४४ मिमीची लांबी जोडणीच्या वेळी आटे फिरवून साधता येते.

क्रँकची चकती २६ मिमी व्यासाची, ६ मिमी जाड. मध्यावर ६ मिमीचं भोक, त्यापासून ८ मिमीवर ४ मिमीच्या पिनचं. हे ८ माप दशांशभर चुकलं तरी घाबरू नका, स्ट्रोक थोडा बदलेल एवढंच. भोक चकतीला काटकोनात मात्र हवंच. पिन बाहेर सातेक मिमी राहू द्या. शाफ्ट आणि पिन रिटेनिंग कम्पाउंडनं (धातूचे भाग पक्के धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवानं) बसवा. ते लावण्याआधी भाग पेट्रोलनं पुसून कोरडे करा, तेलकट जागी ते धरत नाही.

फ्रेम आणि पोर्टची पट्टी

फ्रेमवर तळापासून ३६ मिमीवर क्रँकशाफ्टचं भोक, त्याच्या वर ४० मिमीवर पिव्होटचं. दोन्ही एकाच सेटिंगमध्ये, ड्रिल मशिनच्या टेबलाला गुण्या लावून काटकोन तपासूनच पाडा. जीव ठेवायची ही दुसरी जागा. खालच्या भोकात गनमेटलचा बुश: बाहेरून १०, आतून ६, लांबी २० आणि पुढच्या तोंडाला १ मिमीची कॉलर.

आता पोर्टची तिन्ही भोकं. मोजून, पंच मारून ती पाडायच्या भानगडीत पडू नका. एक पट्टी बनवा. त्यात एकाच रेषेत तीन गोष्टी: मध्ये पिव्होटसाठी ४ मिमीचं भोक, त्याच्या वर १४ मिमीवर २.५ चं भोक आणि खालच्या टोकाला क्रँकपिन घट्टसर सरकेल अशी लांब खाच. फ्रेमवर क्रँकची चकती उंचावर असते, म्हणून पट्टीच्या वरच्या अर्ध्याखाली साडेसात मिमी जाडीचा ठोकळा स्क्रूनं जोडा आणि वरची दोन्ही भोकं ठोकळ्यातूनही आरपार न्या. ड्रिलला धरायला लांब वाट मिळते हा त्याचा आणखी फायदा.

पट्टी पिव्होटवर बसवा, क्रँकपिन खाचेत घाला. क्रँक हळूहळू फिरवत पट्टी एका बाजूला जास्तीत जास्त कलली की क्लॅम्प करा आणि तिच्या भोकातून फ्रेममध्ये २.५ चं भोक पाडा. मग दुसऱ्या बाजूला तसंच. टोकाच्या जवळ क्रँक बरीच फिरली तरी पट्टी जवळजवळ हलत नाही, त्यामुळं नजरेच्या अंदाजानंही जागा अचूक सापडते. कमानीचा पाव मिलिमीटर, क्रँकच्या ८ मिमीमधली चूक, ४० मिमीमधली चूक, सगळं आपोआप हिशेबात येतं. शेवटी पट्टीचं वरचं भोक सिलिंडरच्या मध्यरेषेवर जुळवून तीच पिव्होटच्या आट्यांवर बसवा आणि सिलिंडरचं पोर्ट पाडा. बोअरमध्ये बर (कापलेल्या काठाची बारीक धार) उठेल. रीमर हातानं एकदा अलगद फिरवून ती काढा.

फ्रेमच्या मागून एका भोकाला ४ मिमीपर्यंत मोठं करून पितळेची नळी बसवा. ही हवेची वाट. दुसरं भोक तसंच उघडं.

जीव ठेवायची तिसरी जागा घासणाऱ्या दोन बाजूंची. जाड काचेवर ४०० आणि मग ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यानं चिकटवा आणि सिलिंडर त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. अधूनमधून मार्करनं बाजू रंगवा. रंग सगळीकडून सारखा निघाला की सपाट झाली. नंतर पिव्होटच्या भोवती वाटोळी, अर्धा मिलिमीटर खोल जागा उतरवली तर सिलिंडर फ्रेमवर आणखी चांगला टेकतो, पण ती पोर्टपर्यंत पोचू देऊ नका.

जोडणी आणि पहिली फेरी

पिव्होटचा बोल्ट सिलिंडरमध्ये पक्का करा, फ्रेममधून मागे काढा, त्यावर हलकी स्प्रिंग, वायसर आणि दोन नट. स्प्रिंगचा ताण पाव ते अर्धा किलोच्या मध्ये असावा. या आकाराला पोर्टमधून सिलिंडरला मागं ढकलणारा जोर फारच थोडा असतो, स्प्रिंग आवळून काही मिळत नाही.

हवा जोडण्याआधी सगळीकडे शिलाई मशीनचं तेल घाला आणि फ्लायव्हील हातानं फिरवा. एका फेरीत कुठंही जड जागा लागता कामा नये. लागली तर स्प्रिंग सैल करून पुन्हा बघा. तरीही तिथंच लागली तर बोअर, क्रँकपिन किंवा शाफ्ट यांपैकी काहीतरी काटकोनात नाही. स्प्रिंग सैल केल्यावर गेली तर घासणारी बाजू पुन्हा काचेवर न्या.

मग रेग्युलेटर अर्ध्या बारवर, फ्लायव्हीलला बोटानं धक्का. एकाच बाजूनं ढकलणारं इंजिन स्वतःहून सुरू होत नाही, धक्का लागतोच. उलट्या दिशेनं फिरू पाहत असेल तर काही बिघडलेलं नाही. नळी दुसऱ्या भोकाला असती तर ते सुलटं फिरलं असतं, एवढंच. सतत फुस्स आवाज येत असेल तर बाजू सपाट नाही. सिलिंडर उभा असतानाच गळत असेल तर पोर्टची भोकं मोठी झाली आहेत किंवा मध्यावर नाहीत. फिरतं पण जोर नाही, तर बहुतेक पिस्टनच सैल आहे. तो नवा करायला अर्धा तास लागतो, मनाला लावून घेऊ नका.

पहिला अर्धा तास ते कमी दाबावर, भरपूर तेलात फिरू द्या. बाहेर येणारं तेल आधी काळपट असतं. ते स्वच्छ झालं की सगळं उघडून पुसा, पुन्हा जोडा आणि आता किती कमी दाबावर चालतं ते बघा. हा आकडा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवा. पुढचा बदल, म्हणजे जड फ्लायव्हील, नवा पिस्टन किंवा सिलिंडरच्या दोन्ही टोकांना पोर्ट घालून दुहेरी ढकलणारं रूप, कामाचा ठरला की नाही हे त्याच आकड्यावरून कळेल.